लपवलेला ताप

रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर सगळी कामं सावकाश करायच्या. पळायच्या फक्त तापासाठी. काकूंना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "केमोमुळे काकांच्या रक्तात सध्या जंतूंशी लढणाऱ्या पेशीच नाहीत. अंग जरा कोमट लागलं तरी मला हाक मारायची. आपल्या मनाने गोळी द्यायची नाही." काकूंनी मान डोलावली. मान डोलावण्यात तशी काकूंची बरोबरी कोणी केली नसती.

पण काका जन्मभर बस चालवलेला माणूस, एका जागी पडून राहणं त्यांना कुठलं जमायला. डॉक्टर राउंडला म्हणाले, ताप नसला तर उद्या थोड्या दिवसांसाठी घरी जाऊ देऊ. झालं, काकांनी मनातल्या मनात सामान बांधलं. आणि नेमकी दुपारी त्यांना हुडहुडी भरली.

"पर्समध्ये गोळी असेल ना? दे."

"सिस्टरना सांगते."

"सांग की. मग बस इथेच महिनाभर."

काकूंनी गोळी दिली. साऱ्या संसारात ताप आला की गोळी, वर पांघरूण, एवढंच तर त्या करत आल्या होत्या. शिवाय घरी जायची घाई त्यांनाही झाली होती, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी सिस्टरनी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. काका परीक्षेत पास झाल्यासारखे हसले. सिस्टरनी उशी सारखी केली आणि तिथेच थांबल्या. खोळ ओली होती.

"घाम बराच आलाय, काका."

"उकडतंय हो."

त्या गार खोलीत काकू स्वेटर घालून बसल्या होत्या. सिस्टरनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "खोळ बदलायला आणते," एवढंच म्हणून त्या निघाल्या. चोराच्या मनात चांदणं, काकूंना बसवेना. सांगावं तर उद्याचं घर गेलं, न सांगावं तर... पुढचं त्यांना मनातही आणवेना. त्या उठून पॅसेजमध्ये गेल्या.

"सिस्टर, मी गोळी दिली. दुपारी ताप होता."

मग मात्र सिस्टर पळाल्या. तपासणीसाठी रक्त काढलं, डॉक्टरांना फोन झाला, अँटिबायोटिकची बाटली लागली. काकांनी सारा प्रकार ओळखला आणि भिंतीकडे तोंड केलं. "फितूर," ते म्हणाले. काकूंना ते फार लागलं.

त्या दारात रडत उभ्या राहिल्या. "माझ्या हातून त्यांचा जीव गेला असता."

"गेला असता," सिस्टर म्हणाल्या. खोटी समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "गोळीने ताप दबला, जंतू आत होतेच. पण तुम्ही वेळेत सांगितलंत. आता तोंड धुऊन या, त्यांना चूळ भरायला पाणी द्यायचं आहे. तोंडात फोड आलेत, मिठाच्या पाण्याने बरं वाटेल. ते काम तुमचं."

दुसऱ्या दिवशी काकांचं ब्लडप्रेशर घसरलं, तेव्हा घरी असते तर काय झालं असतं हे कोणी बोललं नाही. काकू चुळीचा पेला धरायच्या, काका चूळ भरून भांड्यात थुंकायचे आणि डोळे मिटायचे. एरवी दिवसभर टकळी चालवणारा माणूस बायकोशी अवाक्षर बोलत नव्हता. काकूंनी पेला धरणं काही सोडलं नाही.

ब्लडप्रेशर सावरलं, त्यानंतरच्या सकाळी सिस्टर थर्मामीटर घेऊन आल्या. "काय काका, कसं वाटतंय?"

"ठणठणीत," काका म्हणाले. सवयच ती. मग त्यांनी काकूंकडे बोट केलं. "माझ्या बोलण्यावर जाऊ नका, सिस्टर. हिला विचारा."

काकूंनी हाताला जंतुनाशक औषध चोळलं, ते वाळू दिलं आणि मग त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ताप नाही म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं.

"कणकण आहे अजून," त्या म्हणाल्या.

"मग तसं लिहा," काका म्हणाले.