ताणावरच्या झाडाखालचा पाहुणा

चौऱ्याऐंशी सालच्या वैशाखात केशवरावांचा संत्र्याचा बगीचा ताणावर होता. ताणावर म्हणजे झाडांचं पाणी तोडलेलं. पानं सुकून मुरडेपर्यंत झाडाला तहानेलं ठेवायचं, मग मृगाच्या पाण्यावर ते अंगभर फुलतं. मध्येच कुणी पाणी पाजलं तर झाड अवेळी जागं होतं, भर उन्हात फुलतं आणि तो बहार जळून जातो. आदल्या वर्षी राखणदारानं पाट उघडा ठेवला, तर केशवरावांनी त्याला बायकोपोरांसकट बगीच्यातून उठवलं होतं. त्याच्याच झोपडीत आता नवा राखणदार सुखदेव आणि त्याची बायको यमुना राहत होते. दोघांची साठी उलटलेली. दुसरीकडे जायला जागा नव्हती.

हे सगळं यमुनेला ठाऊक होतं. तरी वीस दिवसांपासून ती विहिरीकडच्या ओळीतल्या शेवटच्या झाडाखाली रोज घागरभर पाणी ओतत होती.

याला कारण तिचीच कुदळ. चैत्रात ती त्या झाडाचं आळं खणत होती. कुदळ मातीत गेली आणि मऊ काहीतरी लागलं. उकरून पाहिलं तर मातीच्याच रंगाचा, अंगभर फोड असलेला भेक, म्हणजे मोठा रानबेडूक, निघाला. उन्हाळाभर गारव्याला दडून बसला असेल बिचारा. त्याचा डावा पुढचा पाय कोपरापासून तुटून पडला होता. ओरडला नाही की पळाला नाही. नुसता गळा धडधडत राहिला.

यमुनेनं त्याला पदरात घालून झोपडीत आणलं, फुटक्या माठात ओलं पोतं टाकून त्यावर ठेवलं.

सुखदेव म्हणाला, "लोकं पोपट पाळते, मैना पाळते. हे काय आणलं तू?"

"माह्या हातानं त्याचा हात गेला. वाऱ्यावर सोडू काय?"

"असा जावई तर आपल्या सात पिढीत नाही आला."

"जावई नाही, पाहुणा हाय. बरा झाला का जाईन."

जखम आठ दिवसांत सुकली. पण खाण्याची पंचाईत झाली. यमुना शेणाच्या गोवऱ्यांखालची उधळी, म्हणजे वाळवी, वेचून आणायची, समोर टाकायची. भेक जीभ काढायला पुढे झेपावला की आधाराला हात नाही, म्हणून तोंडावर आपटायचा. किडा जायचा पळून. शेवटी यमुनेनं आपलं बोट त्याच्या छातीखाली डावीकडून लावलं. बोटावर भार देऊन तो झेपावला आणि पहिला घास गिळला. गिळताना डोळे मिटून आत ओढून घेतले. यमुनेला एवढा आनंद झाला की तिनं सुखदेवला हाका मारून झोपेतून उठवलं.

पण माठात तो दिवसभर भिंत खरवडायचा. पाच दिवस बोट लावूनही काही खाईना. तेव्हा तिनं त्याला त्याच्या आळ्यात नेऊन ठेवलं. तिथे तो खायला लागला, पण माती दगडासारखी झालेली. तीन पायांनी ती उकरली जाईना. कातडी कोरडी पडून सुरकुतली. मग यमुनेनं त्याच्याभोवती घागर ओतली. दुसऱ्या दिवशी परत ओतली. पाणी आपण भेकाला घालतो, झाडाला नाही, असं ती मनाला सांगत राहिली.

झाडाला ते कोण सांगणार? विसाव्या दिवशी सकाळी ती उधळी घेऊन गेली आणि वासानं जागीच थबकली. शेजारची झाडं पानं मुरडून उभी, आणि हे एकटं पांढरं शुभ्र फुललेलं.

सुखदेवनं येऊन पाहिलं आणि फाटकाकडे नजर टाकली. "आज शनिवार हाय व. मालक जामसांवलीहून येते."

"फुलं तोडून टाकू काय?"

"अन् वास? तो कोठी लपवशीन?"

केशवराव सौंसरला राहत. दर शनिवारी जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेऊन ते बगीच्यात डोकावत. त्या दिवशी फाटकातच त्यांनी नाक वर केलं आणि तडक त्या झाडापाशी गेले. ओल्या आळ्यात चप्पल रुतली.

"सुखदेव! कोण पाणी देऊन राहिलं याले?"

सुखदेव काही बोलायच्या आत यमुना पुढे झाली. "मी, मालक. यांचा काही दोष नाही. मले काढा."

"काहून दिलं? मागच्या वर्षीचं मालूम हाय ना तुले?"

यमुनेनं वाकून खोडाजवळचं पालापाचोळ्याचं झाकण बाजूला केलं. भेक बसला होता. तिनं हातातली उधळी समोर टाकली आणि सवयीनं बोट लावलं. तो झेपावला, घास गिळला, डोळे मिटले.

"माह्या कुदळीनं तुटला याचा हात," ती म्हणाली. "कोरड्यात मरून राहिला होता."

केशवराव खाली वाकले. नजर भेकावर होती, मग फुलांवर गेली. एक फांदी वाकवून त्यांनी फुलं बोटानं चाचपली. चाळीस वर्षं संत्र्यात घातलेला माणूस.

"आता पाणी तोडलं तर हे सारं जळन," ते फांदीलाच सांगत असल्यासारखे म्हणाले. "फुललेलं झाड म्या आजवर जाळलं नाही. घागरीनं काय होते? रोज सहा घागरी लागन. मिरगापर्यंत. अन् बाकीच्या झाडाले एक थेंब गेला तर मंग दोघं बी चालते व्हा."

"नाही जाणार, मालक."

सुखदेव घागर उचलून विहिरीकडे निघालासुद्धा.

"आता तुमी कोठी?" यमुना म्हणाली.

"पाहुण्याले पाणी आणून राहिलो!"

केशवराव धोतर सावरत आळ्याच्या काठावर उकिडवे बसले. यमुनेच्या तळहातावर एक उधळी उरली होती. ती त्यांनी चिमटीत घेतली, भेकासमोर ठेवली आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं.

"तिकून नाही, मालक," यमुना म्हणाली. "डावीकडून. त्याचा तोच हात नाही."

त्यांनी बोट डावीकडे नेलं.