हात नसलेली खुर्ची

मी वर्तकनगरच्या एका जिममधली खुर्ची बोलतेय. इथल्या चकचकीत यंत्रांमध्ये माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला चाकं नाहीत, वजनं नाहीत, टेकायला हातसुद्धा नाहीत.

माझा जन्म कोलशेतच्या एका वर्कशॉपमधला. लोखंडी नळ्या वाकवल्या, वेल्डिंगचे चटके दिले, वर निळं रेक्झिन ठोकलं. आधी लग्नाच्या हॉलमध्ये होते. तो बंद पडला तशी इथे आले आणि लोकांच्या बॅगा, ओले नॅपकीन सांभाळत कोपऱ्यात पडून राहिले.

मग व्यायाम शिकवायला दक्षता आली. कोळ्यांची पोर, कमी बोलणारी. तिने सकाळी वयस्कर बायकांसाठी वर्ग काढला. उड्या नाहीत, धावणं नाही. खुर्चीवर बसायचं, उठायचं, हातपाय हलवायचे. तिने माझ्यावरच्या बॅगा उतरवल्या आणि मला पुसून बाकीच्या खुर्च्यांच्या रांगेत ठेवलं.

तिथे सुमतीबाई आल्या. पहिल्या दिवशी उठताना त्यांचा हात आधार शोधत राहिला आणि हाताला काहीच लागलं नाही. अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या. बाकीच्या हसल्या नाहीत, पण बघत होत्या.

वर्ग संपल्यावर त्यांनी दक्षताला घरचं सांगितलं. त्यांच्या यजमानांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली. मदतीला माणूस ठेवला होता, पण परक्याने उचललं की अण्णा भिंतीकडे तोंड करून रडायचे.

"मला बारीक व्हायचं नाही गं," सुमतीबाई म्हणाल्या. "त्यांना पलंगावरून खुर्चीत मला घेता आलं पाहिजे."

दक्षताने घाई केली नाही. अण्णांच्या फिजिओथेरपिस्टला विचारून घेतलं. आधी सुमतीबाईंचे पाय तयार केले, मग पाठ. बऱ्याच आठवड्यांनी एका सकाळी ती स्वतःच माझ्यावर बसली आणि अंग सैल सोडलं.

"काकू, मी अण्णा आहे असं समजा. लांबून ओढू नका, जवळ घ्या."

सुमतीबाई गुडघ्यात वाकल्या, तिला कवेत घेतलं आणि उठल्या. माझ्यावरचा भार अलगद निघून गेला.

"इतका संसार झाला," त्या धापा टाकत म्हणाल्या, "पण त्यांना असं जवळ धरायची वेळ आत्ता आली."

त्यानंतर अण्णा रोज संध्याकाळी गॅलरीत बसू लागले. खाली खेळणाऱ्या मुलांकडे बघत बसतात, कधी हसतातही, असं सुमतीबाई येऊन सांगायच्या.

पुढे त्या यायच्या बंद झाल्या. अण्णा गेल्याचं मला बायकांच्या बोलण्यातून कळलं.

परत आल्या त्या दिवशी त्या माझ्यावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. भोवती सगळ्या उठत होत्या, बसत होत्या.

"आता कुणासाठी उठायचं?" त्यांनी दक्षताला विचारलं.

नुसतं बसायला आलात तरी चालेल, पण या, एवढंच दक्षता म्हणाली. सुमतीबाई येत राहिल्या, बसत राहिल्या. एखादी समजूत घालायला पुढे सरसावली, तर दक्षता तिला डोळ्यांनीच थांबवायची. त्यांचे थरथरणारे खांदे माझ्या पाठीला कळत होते. मला हात असते, तरी मी वेगळं काय करणार होते?

मग एका सकाळी सगळ्या उठल्या तेव्हा त्याही उठल्या. थोडा वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मग बाकीच्यांबरोबर हात वर नेले.

आता माझं रेक्झिन फाटलंय, एक पाय डुगडुगतो. लवकरच भंगारवाला मला घेऊन जाईल. जाण्याआधी एकच मागणं आहे. दुःखाने खाली बसलेल्या माणसाला लगेच उठवू नका. शेजारी थांबा थोडं. माझं सारं आयुष्य बसलेल्यांचा भार पेलण्यात गेलं, म्हणून सांगते. उठायची वेळ ज्याची त्याला कळते.