जासिरा आणि आम्ही सहा

मित्रांनो, मी एक जुना ब्रिंकिन्यो आहे. वेताच्या एका काठीभोवती सात लाकडी बाहुल्यांचं रिंगण, प्रत्येकीच्या पाठीला लाकडी चिपळ्या आणि मधूनमधून बाटल्यांची पत्र्याची झाकणं, असा माझा थाट. काठीतली तार वरखाली ओढली की सगळ्या बाहुल्या एकदम उड्या मारतात आणि असा खडखडाट होतो की झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून बसतं. मला हळू वाजताच येत नाही. त्याची मला लाजही वाटत नाही.

माझा जन्म पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचा. समुद्रावर ओठंगलेल्या एका खेड्यात विसेन्त नावाच्या पिंपं बनवणाऱ्या कारागिरानं मला घडवलं. त्याची थोरली मुलगी झुल्मिरा लग्न करून ब्राझीलला निघाली, तेव्हा त्यानं मला तिच्या गाठोड्यात खोचलं. धाकटी लिओनिल्दा धक्क्यावर उभी राहून ओरडली, "ताई, परत आणशील ना त्याला?" झुल्मिरानं मान हलवली. बोटीवरच्या भोंग्यापुढे तिचा आवाज तिथवर पोचला नसता.

आम्ही ब्राझीलच्या सांतोस बंदराजवळच्या टेकडीवर राहायला आलो. तिथं आमच्याच बेटावरची माणसं होती. पुरुष बंदरात कॉफीची पोती वाहत. बायका घरापुढच्या पायऱ्यांवर बसून भरतकाम करत. रविवारी सगळे चर्चच्या अंगणात जमत. अकॉर्डियन, छोट्या गिटारी आणि मध्ये मी. झुल्मिराचा नवरा फिर्मिनो मला वाजवायचा. गडी बुटका, पण ताल असा पक्का धरायचा की नाचणाऱ्यांची पावलं चुकायची नाहीत.

एका सणाला फिर्मिनो घाईघाईनं ट्रामवर चढताना मी त्याच्या हातून निसटलो. माझी एक बाहुली रुळावर पडली आणि चाकाखाली तिचा भुगा झाला. फिर्मिनो लहान मुलासारखा रडला.

शेजारी अनानियास राहत होता. त्याचे पणजोबा आफ्रिकेतून साखळ्यांत बांधून या किनाऱ्यावर आणले गेले होते. तो होड्या दुरुस्त करायचा. कुंपणावरून त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "सहा बाहुल्यांचा नाच लंगडा दिसतो रे फिर्मिनो. आण इकडे."

त्यानं काळ्याभोर शिसवीची एक बाहुली कोरली. गाल जरा फुगीर, ओठांवर मिस्कील हसू. झुल्मिरानं तिला बाकीच्यांसारखाच पट्ट्यापट्ट्यांचा घागरा आणि लाल ओढणी शिवली. अनानियासच्या मुलीनं, इव्होनीनं, तिचं नाव ठेवलं जासिरा. शिसवी कठीण असते, मित्रांनो. माझ्या सातही बाहुल्यांत जासिराच्या चिपळ्यांचा आवाज सगळ्यात खणखणीत निघाला. त्या दिवसापासून मी पूर्वीपेक्षा चांगला वाजू लागलो. हे कुणाला आवडो न आवडो.

पुढं बरीच वर्षं आमचा जम होता. लग्न असो, सण असो, लोक आधी विचारायचे, "ब्रिंकिन्यो येणार ना?" मग फिर्मिनो गेला. तरुण मंडळी कामाधंद्याला खाली शहरात उतरली. मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगला गेलो. माशांच्या तळणीचा धूर माझ्यावर बसला, झुरळांनी रिबिनी कुरतडल्या. मी तिथं मरायला बसलो नव्हतो, पण मला कुणी विचारतच नव्हतं.

विचारलं ते इव्होनीनं. आता ती शाळेत शिकवत होती. ती एक दिवस दारातूनच म्हणाली, "मावशी, त्याला खाली काढा. टेकडीवरच्या पोरांना नाच शिकवतेय मी. टाळ्या वाजवून वाजवून हात सुजलेत."

"तुझ्या त्या पोरांना उजवा-डावा पाय तरी कळतो का गं?" झुल्मिरा म्हणाली.

"नाही कळत. म्हणून तर तुम्ही यायचंय शिव्या द्यायला."

झुल्मिरा आली. मनापासून शिव्या दिल्या. वर्ष सरायच्या आत आमचं नाचाचं पथक पुन्हा उभं राहिलं. इव्होनी गायची, झुल्मिरा मला वाजवायची.

मग निरोप आला. मदेरात मोठा उत्सव होता. परदेशातल्या एका पथकाला बोलावणार होते, जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. झुल्मिरानं लग्नानंतर बेट पाहिलं नव्हतं. लिओनिल्दा तिकडे अजून होती, म्हातारी, गुडघ्यांनी अधू. झुल्मिरानं फोनवर तिला सांगितलं, "येतेय मी. पलंगावर जागा कर."

पथक पारखायला उत्सवाच्या मंडळाचे सेन्योर बेलार्मिनो आले. माणूस सभ्य होता. त्यांनी नाच पाहिला, टाळ्या वाजवल्या, लसणीचा पाव मागून घेतला. मग मला हातात घेऊन फिरवलं आणि जासिरापाशी थांबले.

"दोना झुल्मिरा, ही कोण?"

"जासिरा."

"ही आपल्याकडची नाही. तिकडे सगळं अस्सल लागतं." त्यांनी बॅगेतून एक गोरी, नवी कोरी बाहुली काढली. "मी बरोबरच आणलीय. एवढी बदला, झालं. आणि त्या गाणाऱ्या बाई... आवाज छान आहे हो. फक्त त्यांना मागच्या रांगेत उभं करा. फोटो निघतात."

इव्होनीचा चेहरा उतरला, पण बोलली तीच आधी. "मावशी, बदला. मी राहते मागे. तुम्हाला बहिणीला भेटायचंय."

झुल्मिरानं पक्कड मागवली. मला मांडीवर घेतलं आणि जासिराच्या तारेला पक्कड लावली. मित्रांनो, मला बोलता येत नाही याचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

तिनं पक्कड बाजूला ठेवली.

"सेन्योर, माझ्या नवऱ्याची शवपेटी या इव्होनीच्या बापानं खांद्यावर घेतली होती. तेव्हा त्याला कुणी मागच्या रांगेत उभं केलं नव्हतं. तुमची बाहुली न्या परत. पाव संपवा, मग जा."

"तुमचं जाणं रद्द होईल."

"कळतं मला. म्हातारी झालेय, बहिरी नाही." ती उठली. "इव्होनी, पुढे ये. अशी मधोमध. पोरांनो, बघताय काय? वाजवा!"

तिनं तार अशी ओढली की मी जन्मात तसा वाजलो नव्हतो. पायऱ्यांवर भरतकाम करणाऱ्या बायका सुया टाकून धावत आल्या. बेलार्मिनो फाटकाबाहेर जाईपर्यंत आणि गेल्यावरही आम्ही थांबलो नाही.

दुसऱ्याच गावचं पथक मदेराला गेलं. त्याच हिवाळ्यात लिओनिल्दा वारली. झुल्मिरा दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. इव्होनी उंबऱ्यावर बसून राहिली. "माझ्यामुळे झालं हे, मावशी."

"तुझ्यामुळे काही झालेलं नाही," आतून आवाज आला. "बहिणीसाठी रडतेय मी. त्या दिवसासाठी नाही. जा, सूप आण."

आता झुल्मिराच्या हातात जोर नाही. ती खुर्चीत बसून ताल चुकणाऱ्यांवर काठी उगारते. मला इव्होनी वाजवते. अधूनमधून कुणी म्हणतं, जुनी वस्तू आहे, काचेच्या कपाटात ठेवा. मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला कपाट नको. त्याची धूळ पुसा, तारेला तेल द्या, फाटलेलं शिवा आणि जो हात पुढं करील त्याच्या हातात ते द्या. त्याची जोडणी कुणाला खटकली तर खटकू दे. आवाज मोठा वाटला तर त्यानं खुशाल कान झाकावेत. मी वाजणारच.