शेऱ्याच्या रकान्यातला घोडा

मी बाळाची वही बोलतेय. नावावरून गैरसमज नको. लळा-जिव्हाळ्याचं मला काही सांगायचं नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता, तो मी उगवला, आणि कसा ते सांगितल्याशिवाय माझी पानं काही स्वस्थ पडायची नाहीत.

माझा जन्म छापखान्यातला, पाचशे बहिणींबरोबरचा. लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी आम्हाला छापून घेतलं होतं. पहिल्या खेपेला आलेल्या प्रत्येक आईच्या हातात ते एकेक वही ठेवायचे आणि म्हणायचे, "सगळं लिहायचं. अंदाजपंचे सांगायचं नाही." माझ्या पानावर पाच रकाने आहेत: वेळ, दूध, झोप, शी-शू आणि शेरा. पहिले चार चिंचोळे, पाचवा मात्र ऐसपैस. त्यात डॉक्टरांना काय हवं होतं कोण जाणे. माझ्या बहुतेक बहिणींच्या नशिबी तिथे "ठीक" एवढंच आलं असणार.

मी जिच्या वाट्याला आले ती नवी नवी आई होती आणि चांगली शिकलेली होती, म्हणजे दुप्पट घाबरणारी. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना हे बघायला नाकापुढे बोट धरायची. बोटाने बाळ जागं झालं की स्वतःलाच बोल लावायची. पहिले पंधरा दिवस तिने शेऱ्यात नुसते प्रश्न लिहिले. "शी हिरवट. काल मी पालेभाजी खाल्ली म्हणून का?" "उचक्या अकरा. हे कमी की जास्त?"

सोळाव्या दिवशी बाळ मांडीवर पीत होतं आणि दुसऱ्या हातात एक जाडजूड कादंबरी होती. ती संपली. बाईने मला ओढलं आणि शेऱ्यात लिहिलं: "या कादंबरीतली आई चारशे पानांत एकदाही दूध उतू जाऊ देत नाही. लेखकाने दुःख पाहिलंय, शेगडी पाहिलेली नाही."

माझ्या शिवणीपर्यंत गुदगुल्या झाल्या. त्या दिवशी मला कळलं, आपण दुधाचा हिशेब ठेवायला जन्मलो नाही.

मग ती लिहीतच सुटली. रेडिओवरच्या एका नावाजलेल्या गायकाबद्दल: "हा सूर लावत नाही, सुरावर बसतो. आणि पाहुण्यासारखा चहा झाला तरी उठत नाही." एका अंगाईबद्दल: "बांधणाऱ्याला मूल झोपवायचं नव्हतं, मोठ्यांना रडवायचं होतं. आमची तिसऱ्या कडव्याला टक्क जागी." आणि अशा प्रत्येक वाक्याखाली बारीक अक्षरात, लाजल्यासारखं: "गाण्यातलं मला फारसं कळत नाही. चुकत असेन." चुकायची नाही. पण तिला ते कोण सांगणार? मी सांगितलं असतं, तर त्याचीही तिने डॉक्टरांना विचारून खात्री केली असती.

सिनेमाची गोष्ट निराळी होती. दुपारच्या खेळाला ती बाळाला झोळीत बांधून जायची. बाळ अंधारात झोपायचं आणि मध्यंतराचे दिवे लागले की भोकाड पसरायचं. मग उरलेला सिनेमा बाई बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत, बंद दारातून येणारे आवाज ऐकत काढायची. कोण रडलं, कुठे दार आपटलं, कुठे संगीत वाढलं, त्यावरून ती मनात शेवट रचायची. तो माझ्यात "माझा शेवट" म्हणून उतरायचा. दारावर तिकिटं फाडणारे एक काका होते. खेळ सुटताना ती त्यांना खरं काय झालं ते विचारायची. ते म्हणायचे, "काय होणार? दोघांचं जमलं." हा झाला "खरा शेवट." सांगते त्यात फुशारकी नाही, पण आमचा शेवट बहुतेकदा सरस असायचा.

आता चोराकडे वळू.

घराच्या वरच्या मजल्यावर मोठे दीर आणि जाऊबाई राहत, खाली आम्ही. मोठे दीर एका साप्ताहिकात "मला विचाराल तर" नावाचं सदर चालवायचे. सिनेमा, पुस्तकं, गाणी, सगळ्यांवर मत. कुणी विचारलं नव्हतं हा भाग वेगळा. सिनेमाचे पास त्यांना घरपोच यायचे. जायचेही ते, आणि परत येताना गालावर खुर्चीच्या पाठीचे वळ घेऊन यायचे.

बाळाची अंघोळ रोज सकाळी वीस मिनिटं चालायची. तेवढ्यात ते वर्तमानपत्र न्यायला म्हणून खाली यायचे. मी कपाटावर, लंगोटांच्या गठ्ठ्याशेजारी. पहिल्या दिवशी त्यांनी मला सहज उघडलं. दुसऱ्या दिवशी चष्मा घालून उघडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्या शेऱ्याचा फोटो घेतला. न्हाणीघरातून बाईचं बाळाशी लाडिक बोलणं ऐकू येत होतं. मला ओरडता आलं असतं तर! वहीला तोंड नसतं म्हणून माणसं तिच्यासमोर काहीही करतात. पण तिला स्मरण असतं, आणि ते शाईचं असतं.

बाईला कळलं ते डॉक्टरांकडे. लशीसाठी नंबर लावून बसली होती, मी तिच्या पिशवीत. शेजारची बाई साप्ताहिक वाचता वाचता फिस्सकन हसली आणि तिला दाखवत म्हणाली, "बघा हो, काय बरोब्बर लिहितात हे गृहस्थ. म्हणे दुःख पाहिलंय, शेगडी पाहिलेली नाही."

बाईचा चेहरा पाहायला मला पिशवीची चेन थोडी आडवी येत होती. पण तिने पिशवी घट्ट कवटाळली ते समजलं. घरी आल्या आल्या तिने मला उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं. आणि तिचा पहिला विचार काय असावा? तिने त्या दिवशीच्या शेऱ्यात लिहिलं: "मीच हे कुठेतरी वाचून माझं म्हणून लिहिलं नसेल ना?"

या बाईपुढे हात टेकले मी.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, दादा कशाला चोरेल, त्याला काय कमी आहे. आणि समजा दोन वाक्यं घेतली, तर तू ती कुठे छापणार होतीस? वाईट मनाने नाही म्हणाला. म्हणून तर जास्त लागलं.

रविवारी सगळे एकत्र जेवायचे. तिने धीर करून, बाळाला भरवता भरवता, आपल्या ताटाकडे बघत विचारलं, की माणसाने आपल्यापुरतं काही लिहून ठेवलं आणि तेच दुसऱ्याने छापलं, तर त्याला काय म्हणायचं?

दीर हसले. "अगं, वाटायला काय, कुणालाही काहीही वाटतं. ते मांडता यावं लागतं. तुझ्या त्या वहीत दुधाच्या वेळांशेजारी पडून राहिलं असतं, त्याला काय अर्थ?"

जाऊबाईंचा घास हातातच राहिला. वहीचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

नवऱ्याने पाणी मागितलं. विषय संपला. माझ्या लेखी तो तिथे सुरू झाला.

बाईने दोन दिवस मला लंगोटांच्या खाली लपवलं. तिसऱ्या दिवशी साप्ताहिकात चौकट आली: "मला विचाराल तर" या सदरातल्या निवडक लेखांचं पुस्तक येत आहे, शेवटचे काही लेख आले की छापायला जाईल. बाई ती चौकट घेऊन पलंगावर बसली. बाळ पालथं पडून तिच्या अंगठ्याशी खेळत होतं. ती बाळाला म्हणाली, "उद्या तू मोठी होशील, हे पुस्तक वाचशील आणि म्हणशील, काका काय सुंदर लिहितात नाही? आणि मी म्हणेन, हो गं."

मग तिने मला वर काढलं.

त्या आठवड्यात एक नवा सिनेमा लागला होता, एका म्हाताऱ्या घड्याळजीचा आणि रुसून गेलेल्या त्याच्या मुलीचा. नेहमीप्रमाणे बाई मध्यंतरापर्यंत आत आणि मग बाहेर. काकांनी खरा शेवट सांगितला: मुलगी परत येते, दोघं मिळून चौकातलं घड्याळ दुरुस्त करतात. हे तिने माझ्यात लिहिलं नाही. "माझा शेवट" असं शीर्षकही दिलं नाही. सरळ, पाहिल्यासारखं लिहिलं, की दुकानातली सगळी घड्याळं एकदम थांबतात आणि त्या शांततेत दारातून एक पांढरा घोडा आत येतो. म्हातारा त्याच्या मानेवर कान ठेवतो. पुन्हा टिकटिक सुरू होते, ती घोड्याच्या छातीतून. बस्स, पडदा.

खरं सांगते, लिहिताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. घोडा इतका उत्तम झाला होता की चोरालाच काय, कुणालाही चोरावासा वाटावा. नंतर तिने मला कपाटावर, नेहमीच्या जागी, उघडं ठेवलं.

पण ती पडली घाबरट आणि भली. तासाभराने परत आली, बाळ कडेवर, त्याच्या मुठीत केळं. पुढचं पान उघडून तिने भराभर लिहिलं: "भावोजी, घोडा मी घातलाय. छापू नका, तोंडघशी पडाल. माझं काही हवं असेल तर मागा आणि माझं नाव लावा." वाकून लिहीत असताना बाळाने केळ्याचा गर माझ्या दोन पानांमध्ये नीट, प्रेमाने, पसरला. मी मिटले. गर वाळला. पानं चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला आणि ते आले. घोडा वाचला. "वा," म्हणाले. फोटो काढला. मग पुढे आणखी काही आहे का म्हणून अंगठ्याने पान उलटायला गेले. दोन्ही पानं एकत्रच उलटली आणि समोर आलं ते "दूध: निम्मं सांडलं."

त्यांच्या अंगठ्याला जरा जोर असता, तर पान सुटलंही असतं. मी सोडलं नाही. पाचशे बहिणींची शपथ, सगळी ताकद लावून धरून ठेवलं.

सदर शुक्रवारी छापून आलं. त्यात घोडा तर होताच, वर त्यांचं स्वतःचं एक वाक्यही होतं: "तो अश्व दारातून आला तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या." आयुष्यात त्यांनी घातलेली एवढीच भर, आणि तीही खोटी.

शनिवार-रविवार सिनेमाघर तुडुंब. सिनेमा संपून दिवे लागले तरी लोक जागचे हलेनात. घोड्याची वाट बघत बसले. काकांनी हात जोडून सांगितलं, घोडा नाही, कधीच नव्हता. कुणी म्हणालं, तुम्हीच कापलात. शेवटी काकांनी साप्ताहिकाला पत्र धाडलं: "मी हा सिनेमा रोज चार वेळा पाहतो. यात एक मांजर आहे, तेही पहिल्या भागात. कृपया घोडा परत घ्यावा, आम्हाला झाडलोट करता येत नाही."

पत्र घेऊन संपादक स्वतः घरी आले. दीर म्हणाले की घोडा प्रतीकात्मक आहे, रसिकाला दिसतो. संपादकांनी विचारलं, आणि टाळ्या कुणी वाजवल्या, त्याही प्रतीकात्मकच का?

जाऊबाई दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलल्या. "त्या दिवशी हे सिनेमाहून आले ते डाव्या गालावर वळ घेऊन. घोडा झोपेत आला असेल."

पुस्तक रद्द झालं. सदरही. आमच्या बाईचं नाव कुणी घेतलं नाही. संपादकांना तिच्याबद्दल आजही ठाऊक नाही. सूड पूर्ण झाला म्हणून न्याय झाला असं समजू नका. दोन वेगळी दुकानं आहेत ती.

त्या संध्याकाळी दीर खाली आले. मऊ आवाजात म्हणाले, "तू मुद्दाम केलंस."

"मी पुढच्या पानावर लिहिलं होतं, भावोजी."

तिने मला उघडलं. पानं चिकटलेली. चमच्याचा दांडा सरकवून तिने ती हळूहळू सोडवली. माझा थोडा कागद गेला, पण अक्षरं शाबूत होती. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा काढून. एका केळ्याने आपलं पुस्तक खाल्लं हे त्यांच्या लक्षात येताना मी पाहिलं. त्या क्षणासाठी मी पुन्हा छापखान्यात जन्म घ्यायला तयार आहे.

मग ते जिन्याने वर गेले.

आता मी भरत आलेय. बाळ चालायला लागलंय, दूध कपाने पितं, आणि माझे पहिले चार रकाने रिकामेच राहतात. शेरा मात्र भरतो, आणि हल्ली त्याखालची बारीक अक्षरातली ओळ नसते. कधीमधी असते. सवयी अशा सुटत नाहीत. कपाटात माझ्याशेजारी एक नवी, कोरी वही आलीय, तिला रकानेच नाहीत. पहिल्या पानावर बाईने आधी आपलं पूर्ण नाव लिहून ठेवलंय, मग बाकी काय लिहायचं ते बघू म्हणाली. मला जरा हेवा वाटतो.

निघताना दोन शब्द. दुसऱ्याच्या वहीतलं आवडलं तर सांगा, मागून घ्या, पण गुपचूप उचलू नका. वह्या बोलत नाहीत, वाट बघतात.

आणि एक राहिलं. केळं सांडलं तेव्हा बाईने ते पाहिलं होतं. ओलं फडकं घेऊन तिचा हात माझ्या पानापर्यंत आला, तिथे थांबला, आणि मग तिने ते फडकं बाळाच्या हनुवटीला पुसलं. नंतर मला मिटून वरून तळहाताने एकदा दाबलं. तिला विचाराल तर ती म्हणेल, लक्षातच आलं नाही हो, घाईत होते. तेच खरं माना. पानं मी धरून ठेवली होती. दोष द्यायचा तर मला द्या.