गुडघा टेकण्याआधी

मी कबुघो सिस्टरच्या मोबाइलमधला, गरोदर बायांच्या तपासणीचा फॉर्म बोलतोय. जरा घाईत बोलतोय, कारण फोन उभा आहे तोवरच माझं आयुष्य.

फोन आडवा झाला की मला पुसून माझ्या जागी नवा फॉर्म जन्माला येतो. मरताना पोटातलं सगळं त्याच्या हवाली करता येतं, पण त्यासाठी प्रोग्राममध्ये चार ओळी लिहाव्या लागतात. तिकडे राजधानीत, कंपालात, मला घडवणाऱ्या ट्वेसिगेने त्या लिहिल्याच नाहीत. त्याचा फोन कायम टेबलावर उभा टेकवलेला. फोन हातात धरून तो कधी कुणापुढे वाकला नाही.

इथे कासेसेच्या डोंगरात थोरांपुढे गुडघे टेकल्याशिवाय बाई तोंड उघडत नाही. कबुघोही टेकते, हात पुढे करते, आणि फोन आडवा होतो.

मागच्या जन्मांचं मला आठवत नाही; ॲपच्या नोंदवहीत वाचलं तेवढंच. गेल्या महिन्यात तिने मसिकाचा वाढलेला रक्तदाब भरला, तेवढ्यात मसिकाची सासू आली, ही वाकली. आडव्या स्क्रीनवर खालचं हिरवं 'पाठवा' बटण तेवढं मावतं. वरचे रकाने कोरे झालेले तिला दिसलेच नाहीत. कोऱ्या रकान्याला आम्ही 'धोका नाही' समजतो. दवाखान्याची गाडी आली नाही. मसिकाला बाळासकट पुरलं.

कबुघोच्या तक्रारीला ट्वेसिगेचं उत्तर अजून फोनमध्ये पडून आहे: "सिस्टर, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतं. तुम्हीच भरायला विसरला असाल." तिला ते खरं वाटलं, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हापासून ती प्रत्येक आकडा दोनदा वाचते.

आत्ता माझ्या पोटात बिइरा आहे. आठवा महिना, रक्तदाब एकशे सत्तर-एकशे दहा, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. दोनदा वाचून झालं. पाठवायला बोट उचललं, तोच केळीच्या बागेतून बिइराची सासू आली.

"काय गं सिस्टर, सुनेशीच गुलूगुलू? म्हातारीला विसरलीस?"

"तुम्हाला कशी विसरेन, आई?"

"मग उभी का? शहरात शिकून गुडघे आखडले वाटतं."

बिइरा कपाळ दाबत हसली.

कबुघो, आधी बोट टेकव गं, गुडघा नंतर. म्हातारी रागावली तर रागावू दे.

ती हसून वाकतेय. माझी एक कड खाली चाललीय. माझ्यामागून येणाऱ्याला सांगून ठेवतो: बिइरा, एकशे सत्तर. पण त्याला ते ऐकू जाणार नाही. तो कोराच जन्मेल, आणि तिच्या बोटाखाली हिरवं बटण असेल.