आहुप्याचा मुक्काम

एकावन्न सालच्या दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस सह्याद्रीत पायी हिंडायचं, असं हरिहर आणि आनंदनं ठरवलं होतं. दोघेही कल्याणच्या एका शाळेत मास्तर. तंबू पाठीवर वाहायची हौस दोघांनाही नव्हती. संध्याकाळ होईल तिथल्या वाडीत कुणाच्या तरी झोपडीत पथारी टाकायची आणि सकाळी पुढं निघायचं, असा साधा बेत होता.

रविवारी दुपारी डोंबिवलीला हरिहरच्या घरी नकाशा पसरला गेला. मुरबाडहून वैशाखरे, तिथे पहिली रात्र. मग नाणेघाट चढून घाटघर. चौथ्या रात्री भीमाशंकर. तिसऱ्या रात्रीचं काही जमेना.

"आहुप्याला राहा," हरिहरची बहीण सुमतीताई मेथी निवडता निवडता म्हणाली. "उजाडता निघालात तर पोचाल. गावाच्या कडेला सहदेव कोळ्याचं झोपडं आहे. आत चौघं निजतात. पाचवा आला तर शेळ्या बाहेर बांधाव्या लागतात."

आनंद हसला. "ताई, तुम्ही कधी गेलेलात तिकडे?"

"बेचाळीसच्या कार्तिकात. सतरा दिवस होते."

हरिहरची पेन्सिल नकाशावर तशीच राहिली. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवणारी, चार पावलांवरच्या स्टेशनलाही छत्री घेऊन जाणारी. आणि बेचाळीसच्या कार्तिकात बाबा गेले होते. तेरा दिवसांत ताई आली नव्हती. मुरबाडला गोदूमावशीच्या आजारपणात अडकली, असं घरात सांगितलं गेलं. बापाच्या दिवसांनाही आली नाहीस, हे हरिहरनं तिला भांडणात किती वेळा ऐकवलं असेल, त्याची गणती नव्हती.

"तू मावशीकडे होतीस ना?"

"मावशीकडे आमची चळवळीची पत्रकं यायची. ती मी घाटावर पोचवायची. बाबांचं मला आठ दिवसांनी कळलं. सहदेव निरोप घेऊन आला."

"मग निघून यायचं होतंस!"

"दारात पोलीस बसला होता, हरी."

"कसला पोलीस? मी घरीच होतो. कुणी नव्हतं."

ताईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "करड्या कोटातले ते गृहस्थ. रोज यायचे. सहदेवच्या निरोपात तेही होतं."

हरिहरला ते आठवले. बाबांच्या कचेरीतले म्हणून आलेले ते गृहस्थ! रोज त्याच्याजवळ बसायचे, पाठीवरून हात फिरवायचे. सतरा वर्षांच्या पोराला तेवढाच आधार वाटला होता. त्यांनीच एकदा मायेनं विचारलं होतं, बहीण कुठं आहे रे तुझी? आणि त्यानं मावशीचा पत्ता दिला होता. नुसता सांगितला नव्हता, स्वतःच्या हातानं लिहून दिला होता.

"मी पत्ता..."

"दुसऱ्या दिवशी मावशीच्या घरी धाड पडली. माझ्याबरोबर काम करणारे रघु आणि मधु सापडले. मधु सुटला. रघु तुरुंगात तापानं गेला."

आनंद हळूच उठून बाहेर ओटीवर जाऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं? मी दिला ते?"

"मधु सुटल्यावर बोलला. तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती पोलिसाच्या हातात."

"आणि मी तुला वाट्टेल ते बोलत होतो! एकदा तरी सांगायचंस, ताई!"

"काय सांगू? पोर होतास तू. तुला कुणी फसवलं, हे मला दिसत होतं. रागही यायचा. नाही असं नाही. कधीकधी तुला जेवायला वाढताना हात थांबायचा माझा."

हे ऐकून मात्र हरिहर कोसळला. नकाशावरच डोकं ठेवून तो हुंदके देऊ लागला. मी कुठंही जाणार नाही, म्हणाला. ताईनं उरलेली मेथी निवडून संपवली.

"जायचं," शेवटी ती म्हणाली. "मीही येते."

दिवाळीत तिघं गेले. दोन दिवसांत हरिहर जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल. तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना आहुप्याला पोचले. सहदेव पार म्हातारा झाला होता, पण ताईला त्यानं लांबूनच ओळखलं. मग त्यानं हरिहरकडे पाहिलं.

"ह्योच का धाकला?"

"हाच," ताई म्हणाली.

हरिहरनं मान खाली घातली. सहदेवनं तांब्याभर पाणी आणून त्याच्या पायांवर ओतलं.

"बाप गेल्याचं सांगितलं तवा रातभर हिनं तुझंच नाव घेतलं बग," तो म्हणाला. "धाकला एकला पडला, धाकला एकला पडला, म्हणून. चल, आत चल."

हरिहरला उंबरा ओलांडवेना. तेव्हा ताईनं मागून त्याच्या पाठीला हात लावला आणि तो वाकून आत गेला.