बारा किलो

साहेब, पोषण केंद्रात तुम्ही माझ्या पोरीच्या कार्डावर खोटं लिहिलं. ‘आईचे आहाराकडे दुर्लक्ष.’ वर शिक्का मारला आणि खाली माझी सही घेतली.

सही मी वाचून केली.

पोरगी पुष्पांजली, सव्वाचार वर्षांची. तुमच्याकडे आणली तेव्हा वजन दहा किलो दोनशे. अंगणवाडीत दर महिन्याला काटा लागतो, तक्त्यावर तिचा ठिपका लाल पट्ट्यातच पडतो. तिसऱ्या वर्षाला घेतलेला फ्रॉक तिला अजून गुडघ्याखाली येतो.

"काऊन वं पूनम, पोरीची खाऊची पाकिटं बकरीले चारतं का?" अंगणवाडीच्या महामायाताई म्हणाल्या. बाया हसल्या. मीही हसले.

घरी सासूबाईंना नातीच्या घोरण्याचं भारी कौतुक. "आज्यावर गेली पाहा. दुपारी झोपली त चार घरं ऐकतात!" मलाही वाटायचं, घोरते म्हणजे गाढ झोपते. ही माझी चूक. लिहायची तर ही लिहा, ही खरी आहे.

एका दुपारी भाकरी थापता थापता घोरणं बंद झालं म्हणून वळून पाहिलं. तोंड उघडं, मान मागं टाकलेली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, पण हवा जात नव्हती. मग आचका बसून श्वास आला. परत घोरणं. परत बंद. तव्यावरची भाकर जळाली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. "टॉन्सिल वाढलेत, नाकामागची गाठही वाढली. झोपेत श्वास अडतो. सगळी ताकद श्वास ओढण्यात जाते, खाल्लेलं अंगी लागत नाही. ऑपरेशन लागेल."

"करा न मंग."

"आधी बारा किलो होऊ द्या. एवढ्या वजनावर भूल द्यायची जोखीम नको."

दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. मी दोन्ही ऐकल्या. त्यांनी स्वतः ऐकल्या का, माहीत नाही. चिठ्ठी लिहून तुमच्या पोषण केंद्रात पाठवलं.

तिथं चौदा दिवस. दोन-दोन तासांनी दूध, खिचडी, शेंगदाण्याचा लाडू. गिळताना तिला त्रास व्हायचा, तरी वाटी पुसून खायची. दुपारी झोपली की मी सिस्टरला हाक मारायची. "सिस्टर, पाहा न, श्वास थांबला."

"झोपू द्या हो. झोपलं की वजन वाढते लेकराचं."

चौदाव्या दिवशी काट्यावर उभी केली. दहा किलो दोनशे.

"लाडू तुम्हीच खात असाल," तुम्ही म्हणालात.

"साहेब, तिच्या झोपेचं लिहा न कुठं."

"कार्डावर झोपेचा रकाना नाही, बाई."

मग जो रकाना होता, तो तुम्ही भरला.

आता दुपारी ती माझ्या छातीला टेकून बसल्या बसल्याच झोपते. हनुवटीखाली माझा हात असतो. मान सरळ राहिली की हवा थोडी बरी जाते. हात बधिर होतो, मी काढत नाही. परवा पुन्हा काटा लागला. दहा किलो शंभर.

बारा किलो झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. ऑपरेशन झाल्याशिवाय श्वास नाही. श्वास नाही तर वजन कुठून येणार? कार्डावर माझा पत्ता आहे, फोन आहे. हे बारा किलो तिनं कशाच्या जोरावर करायचे? शिक्का मारून उत्तर द्या.